पाणनिळीचं नाव

क्लॉडिया रॉड्रिग्ज कुडाळकडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. घर मालवणात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. घरात ती आणि तिचे वडील विन्सेंट, एवढी दोनच माणसं. विन्सेंट शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, भाऊ मडगावला सासरच्या माणसांत रमला होता. क्लॉडियाचं लग्न झालं नव्हतं, आणि आता त्याबद्दल कोणी विचारतही नसे.

चतुर्थीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत ती कसालच्या बाजारात हटकून जायची. ख्रिस्तावांच्या घरी गणपती कुठला, पण गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटवीसाठी त्या दिवसांत सगळं रान खाली उतरून बाजारात येतं. कवंडळं, हरणाची फुलं, शेरवडं, तेरड्याचे भारे. जे बघायला एरवी आठ दिवस डोंगर तुडवावा लागेल, ते गोणपाटावर मांडलेलं मिळतं. दोन हजार बावीसच्या चतुर्थीला अशीच फिरत असताना तिला एका बाईच्या हाऱ्यात निळ्या फुलांची जुडी दिसली.

या मुलखातली निळी फुलं तिला पाठ होती. आभाळी, निळवंती, सड्यावरची सीतेची आसवं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. वीतभर उंचीचा रसरशीत दांडा, टोकाला चार-पाच फुलं, आणि निळा रंग असा की त्यात जांभळ्याचा टिपूसही नाही.

"बाये, ह्या काय?" तिने विचारलं.

"पाणनिळी." बाई पन्नाशीच्या अलीकडची, उन्हाने रापलेली. "माझ्या घोवान हाडल्यान. वयल्या कड्यावरची. देवाक चलता."

"मुळासकट झाड मिळात?"

बाई हसली. "मूळ काढूचा नसता. मूळ काढला तर फुडच्या वर्साक तो काय हाडतलो?"

तिचं नाव तुळसा. गाव पाणकोंड, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला, एसटी जिथे वळसा घेऊन परत फिरते तिथलं. नवरा बाबली धुरी. मध काढायचा, शिकेकाई आणायचा, आणि कड्यांवर असा चढायचा की गावातली माणसं त्याला चेष्टेने वांदर म्हणायची. क्लॉडियाने ती जुडी विकत घेतली, घरी जाऊन भिंगाखाली धरली आणि रात्रीचं जेवण विसरली. पुस्तकांत ते फूल नव्हतं. गोव्यातल्या तिच्या मार्गदर्शक सरांना फोटो पाठवले. सरांचं उत्तर आलं, "कुठे मिळालं? जागा बघून ये. घाई कर."

पुढचं वर्षभर ती जमेल तेव्हा पाणकोंडला जात राहिली. बाबली पुढे, ती मागे. गावापासून दोन तास चढण, मग एक ओहोळ, आणि ओहोळाच्या वर काळा कडा. त्या कड्यावरून बारमाही पाणी झिरपायचं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तर तो पाण्याने नुसता चकाकत असायचा. मध्यावर एक आडवी भेग होती, शेवाळाने भरलेली. पाणनिळी उगवायची ती त्या भेगेत. तिथे आणि फक्त तिथे. खाली उभं राहून दुर्बिणीतून मोजली तर जेमतेम तीस झाडं.

"ह्या झाड मरणा नाय, टीचर," बाबली सांगायचा. ख्रिस्ताव बाई आणि शिकवणारी, म्हणून तो तिला टीचर म्हणायचा. "दिवाळेक येवन बघलास तर नुसतो दगड. वयला सगळा सुकता. पण आत कांदो आसता. मिरग लागलो काय परत फुटता. माझ्या बापाशीन ही जागा दाखवल्यान, तेवाही हितकीच होती."

तो फार बोलायचा नाही. चढताना मधेच थांबायचा आणि तिचा श्वास जुळेपर्यंत उगाच इकडेतिकडे बघत राहायचा, तिला लाज वाटू नये म्हणून. पायात काही नाही. कड्याला पाठ लावून उतरायचा आणि फूल काढताना देठ नखाने तोडायचा, ओढायचा नाही.

फुलं मिळाली, पानं मिळाली. पण नवीन जात म्हणून जगापुढे मांडायची तर संपूर्ण झाड लागतं. कांदा लागतो, पिकलेलं बोंड लागतं, बी लागतं. सरांनी ते दोनदा लिहून कळवलं. क्लॉडियाने बाबलीकडे कांद्याचा विषय काढला तेव्हा तो पुढे चालू लागला. दुसऱ्यांदा काढला तेव्हा म्हणाला, "तेवढा सोडून काय व्हया ता सांगा."

"एकच कांदो, बाबलीदादा. तीस झाडांतलो एक. त्याच्याशिवाय ह्या झाडाक कोण वळखूचा नाय. उद्या कोणी हयसर खाण घातल्यान, रस्तो काढल्यान, तर आमका सांगाक तरी येतला, हयसर ह्या आसा म्हणान."

हे ती मनापासून बोलली होती. पण त्या बोलण्यात दुसरंही एक होतं, आणि ते तिला तेव्हाही ठाऊक होतं. बारा वर्षं ती लोकांच्या यादीत आपली झाडं बसवत आली होती. एक झाड आपल्या हातून यादीत जावं, असं तिला फार वाटत होतं.

बाबलीने मान हलवली. "एकच," तो म्हणाला.

बोंडं पिकायची ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. दोन हजार तेवीसच्या त्या आठवड्यात रविवारी दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं. ऐन वेळी क्लॉडियावर कॉलेजातल्या परीक्षेची देखरेख आली, रविवारसुद्धा गेला. पुढच्या रविवारपर्यंत बोंडं टिकणार नव्हती. गुरुवारी सकाळी साडेसातला तिने बाबलीला फोन केला.

"टीचर, काल सांजचो बरोच पावस लागलो," बाबली म्हणाला. "कडो निसरडो झालो असतलो. दोन दीस थांबलो तर चलात?"

"दोन दिवसांनी बोंडां फुटतली, बाबलीदादा. बी सांडला तर आखा वर्स गेला."

मग तो म्हणाला, "बरा तर. बघतंय."

एवढंच बोलणं झालं. एक मिनिटसुद्धा नाही.

दुपारी तो जेवायला आला नाही. चार वाजता तुळसाने दिराला उठवलं. पाच-सहा जण वर गेले. कड्याच्या पायथ्याशी, ओहोळाच्या दगडांत बाबली मिळाला. त्याला खाली आणेपर्यंत रात्र झाली.

क्लॉडियाला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. वडिलांना घेऊन ती पाणकोंडला पोचली तोवर सगळं उरकलं होतं. अंगणात माणसं बसली होती. विन्सेंट डोक्यावरची टोपी काढून पुरुषांत जाऊन बसले. क्लॉडिया पडवीत बायकांत बसली. कोणी तिच्याकडे वाईट नजरेने पाहिलं नाही. कोणीतरी पाणी आणून दिलं. बाबली कड्यावर जातच असे, मधासाठी, शिकेकाईसाठी, चाळीस वर्षं. पाय सरकला. पोलिसांनीही तेच लिहून नेलं.

निघताना तुळसा आतून आली. तिच्या हातात बाबलीचं खांद्यावरचं फडकं होतं, गाठ मारलेलं. तिने ते क्लॉडियाच्या हातात ठेवलं.

"ह्या तुमचा."

आत पाणनिळी होती. कांद्यासकट, बोंडांसकट. शेवाळाचा ओला गोळा कांद्याभोवती नीट गुंडाळलेला, मुळं वाळू नयेत म्हणून. एक पान मोडलं नव्हतं.

घरी आल्यावर क्लॉडियाने ते झाड कागदांत घालून दाबाखाली ठेवलं. ते करावंच लागणार होतं, नाहीतर कुजलं असतं.

फोनचं तिने कोणाला सांगितलं नाही. पोलिसांनी विचारलं नाही, गावाने विचारलं नाही. बाबलीचा फोन त्याच्याबरोबर ओहोळात फुटून गेला होता.

सरांना मात्र बाबली गेल्याचं कळवलं. सर बराच वेळ बोलले, हळहळले. शेवटी म्हणाले, "जात नवीन निघाली तर त्याचंच नाव देऊ आपण तिला. तेवढं तरी आपल्या हातात आहे."

बाराव्याला ती पुन्हा गेली. जेवणं झाल्यावर बाबलीचा चुलतभाऊ म्हणाला, "टीचर, ज्या झाडासाठी तुमी येय होतास, तेचा पुढे काय झाला?" सगळे तिच्याकडे बघू लागले. तुळसा खांबाला टेकून बसली होती, तिच्या शेजारी मुलगी, संजना, दहावीतली. क्लॉडिया म्हणाली, "त्या झाडाक बाबलीदादाचा नाव देतले. जगात सगळीकडे त्याच नावान वळखतले तेका."

'नवीन निघाली तर' हे तिच्या तोंडून आलं नाही. राहून गेलं की तिने ठेवलं, हे पुढे तिचं तिलाच नीट सांगता येईना. पण बोलल्यावर अंगणात जी हालचाल झाली ती तिने पाहिली. चुलतभावाने डोळे पुसले. संजनाने आईचा हात धरला. इतक्या दिवसांत क्लॉडियाच्या छातीवरचा दगड पहिल्यांदा जरासा हलला.

पुढे ते तिच्या हातात राहिलं नाही. तालुक्याच्या बातमीदाराने बातमी केली, 'रानफुलाला मिळणार बाबली धुरींचं नाव'. वर बाबलीचा फोटो, आधार कार्डावरून घेतलेला, घाबरल्यासारखा समोर बघणारा. शाळेत संजनाला प्रार्थनेच्या वेळी पुढे उभं करून बोलायला लावलं. दहावी झाल्यावर तिने कुडाळला अकरावीला विज्ञान घेतलं. पाणकोंडातून विज्ञानाला गेलेली ती पहिलीच मुलगी. क्लॉडियाला तिचे मेसेज यायचे. टीचर, हे पान कुठलं. टीचर, बॉटनीत पुढे काय असतं. क्लॉडिया प्रत्येकाला उत्तर द्यायची.

आणि काम चालूच होतं. वर्णन लिहिलं, चित्रं काढली, बियांची मापं घेतली. लेख पाठवायच्या आधी सरांनी जगभरातल्या जुन्या संग्रहांतून जवळच्या जातींच्या नमुन्यांची चित्रं मागवली. दोन हजार चोवीसच्या नोव्हेंबरात सरांचा मेल आला. एक चित्र जोडलेलं, आणि खाली दोन ओळी. "उजवीकडचा नमुना बघ. मला वाईट वाटतं."

पिवळ्या पडलेल्या कागदावर तेच झाड होतं. तोच कांदा, तीच बोंडं. फुलाचा निळा रंग मात्र उडून तपकिरी झालेला. कोणा गोऱ्या साहेबाने सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणच्या घाटात कुठेतरी गोळा केलेलं, रीतसर वर्णन केलेलं, आणि पुढे चुकून दुसऱ्याच कुळाच्या गठ्ठ्यात जाऊन पडलेलं. त्याला नाव होतं. त्या साहेबाच्या मित्राचं.

क्लॉडियाने तीन दिवस ते चित्र आणि आपला नमुना शेजारी ठेवून पाहिलं. कुठे तरी फरक मिळावा म्हणून शोधलं. बियांवरच्या रेषा मोजल्या. फरक नव्हता.

कॉलेजात तिच्याच विभागातला दत्तप्रसाद हा तिचा त्यातल्या त्यात मित्र. त्याला तिने सांगितलं.

"मग?" दत्तप्रसाद म्हणाला. "आता तिकडे जाऊन सांगणार आहेस का?"

"सांगायला नको?"

"कशासाठी? तो पेपर कोण वाचणार आहे पाणकोंडात? खरं काय ते तुमच्या कागदांत राहू दे. त्यांच्याकडे नाव राहू दे. माणूस गेलाय त्यांचा, तेवढं समाधान कशाला काढून घेतेस?"

तिला ते पटलं. निदान पटवून घेता आलं. डिसेंबर तसाच गेला. नाताळला तिने घरावर तारा लावला, नेवऱ्या केल्या, भाऊ येऊन गेला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संजनाचा मेसेज आला. "टीचर, बाबांचं नाव छापून कधी येणार? कॉलेजात सर विचारतात. एक मुलगी म्हणाली, इंटरनेटवर तर नाही. मी म्हटलं, आमच्या टीचर खोटं बोलत नाहीत."

त्या दिवशी विन्सेंट मागच्या दारी बसून बांगडे साफ करत होते. क्लॉडिया त्यांच्याजवळ पायरीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. झाड जुनंच निघालं ते सांगितलं, आणि न थांबता गुरुवार सकाळच्या फोनचंही सांगितलं. बाबली काय म्हणाला, आपण काय म्हणालो, शब्दाला शब्द. सव्वा वर्षात ते पहिल्यांदाच तिच्या तोंडून बाहेर पडलं.

विन्सेंटनी हातातला मासा पुरा केला. विळीवरचे खवले पाण्याने धुऊन टाकले.

"ह्या माका सांगून काय उपेग, बाय?" ते म्हणाले. "माझो कोण मेलो?"

त्या रविवारी ती पाणकोंडला गेली. बरोबर कोणाला घेतलं नाही. दहाच्या एसटीने उतरली तेव्हा तुळसा खळ्यात कुळीथ पाखडत बसली होती. संजना कुडाळला, वसतिगृहात होती. तुळसाने सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं, चहा ठेवायला उठू लागली. क्लॉडियाने तिला बसवलं.

वाटेत तिने काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. पण तोंड उघडलं ते कॉलेजातल्या मराठीत. "तुळसाताई, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. संशोधनात असं निष्पन्न झालं आहे की..." तिथेच तिला स्वतःच्या आवाजाची शिसारी आली. ती थांबली.

"ता झाड नवीन नाय," ती म्हणाली. "पयलीच कोणीतरी नाव दिलेला हा तेका. शंभर वर्सां झाली. बाबलीदादाचा नाव देवक गावचा नाय."

तुळसा तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे आता बदलुचा नाय ता?"

"नाय."

"तुमी तर सांगलास..."

"माका सांगूक नको होता. तेवा खात्री नव्हती. तरी मी सांगलंय."

तुळसाने कुळथाचा एक दाणा उचलला, बोटांत फिरवला. "चेडवान शाळेत भाषण केल्यान," ती म्हणाली. "आखो गाव माका म्हणा होतो, तुझो घोव अमर झालो." ती हे रागाने म्हणाली नाही. एखाद्या परक्या घरची गोष्ट सांगावी तशी म्हणाली.

"आणि दुसरा एक सांगूचा हा," क्लॉडिया म्हणाली. आता मागे फिरायला वाट नव्हती. "त्या दिवशी सकाळी मी फोन केलेलंय. तो म्हणा होतो, पावस पडलो हा, दोन दीस थांबया. मी थांबूक देवक नाय. तो आपणहून गेलो नाय, तुळसाताई. माझ्यामुळे गेलो."

समोरच्या माडावर कोणीतरी झाप तोडत होतं, ती पडल्याचा आवाज आला.

"ठावक आसा माका," तुळसा म्हणाली.

क्लॉडियाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"फोन इलो तेवा मी थंयच होतंय. चुलीकडे. तुमचो आवाज बाहेर येय होतो." तुळसा हळूहळू बोलत होती. "फोन ठेवल्यान आणि माका म्हणाक लागलो, जावक मन होणा नाय आज. मी म्हटलंय, टीचर येवडी शिकलेली बाई, तुझ्यावर इस्वास ठेवन बसली हा, जा आणि हाडून दी. दोन तासांची वाट." ती थांबली. "मी धाडलंय तेका. तुमी फोन केलास, पण उंबऱ्याच्या भायर मी काढलंय."

सव्वा वर्षं दोघींनीही ते एकेकटीने उचललं होतं. क्लॉडियाला वाटलं, तुळसाचा हात धरावा. तिने हात पुढे केलासुद्धा. तुळसाने आपला हात मागे घेतला, ओचा सारखा केल्यासारखं करून.

"तुमी काय बोलाक नाय, म्हणान मीय बोलाक नाय," ती म्हणाली. "तुमका बघलंय काय माका ती सकाळ दिसता. बाराव्याक इलास, तेवाही दिसली. मगे तुमी नावाचा सांगलास. म्हटला, चला, कायतरी झाला त्याच्या मरणाचा. फुकट गेलो नाय." तिने सांडलेले दोन दाणे वेचले. "आता तांय नाय."

"संजनाक मी सांगतंय," क्लॉडिया म्हणाली.

"नको. मी सांगतलंय. आवस हा मी तेची." तुळसाने सूप मांडीवर ओढलं. "आणि आता तुमी येव नकात, टीचर. राग नाय. पण येव नकात."

क्लॉडिया उठली. पडवीच्या भिंतीवर ती बातमी फ्रेम करून लावलेली होती, प्लास्टिकच्या फुलांचा हार घातलेली. क्लॉडियाची नजर तिकडे गेली ते तुळसाने पाहिलं.

"ती असांदे थंय," ती म्हणाली. "लिवलेला खोटा असला तरी चलता. त्याचो तेवडोच एक फोटो आसा. लग्नातले पावसात भिजान गेले." मग, क्लॉडिया खळ्याच्या टोकाला पोचल्यावर, मागून म्हणाली, "तुमच्याकडे असतीत मा त्याचे फोटो? तुमी सारखे काढी होतास."

"हां," क्लॉडिया म्हणाली. "खूप आसत. मी धाडतंय."

घरी पोचल्या पोचल्या तिने कॉम्प्युटर उघडला. त्या दोन हंगामांचे फोटो गावाच्या आणि तारखेच्या नावाने नीट लावून ठेवलेले होते, सातशेच्या वर. ती एकेक बघत गेली. पाणनिळीचं फूल. पाणनिळीचं पान, वरून, खालून. भेग. शेवाळ. खाली आणलेल्या फुलाशेजारी मापासाठी धरलेली पट्टी, आणि पट्टी धरलेला बाबलीचा हात. अंगठ्याचं फुटलेलं नख, मनगटावर काळा दोरा. पुढच्या फोटोत हात. त्याच्या पुढच्यात हात. कड्याच्या एका फोटोत वर, लांब, मुंगीएवढा तो, पाठमोरा. एकात ओहोळ ओलांडताना त्याचे पाय, कारण ओहोळाकाठच्या कुठल्याशा शेवाळाचा तो फोटो होता.

सातशे फोटोंत बाबलीचा चेहरा कुठेच नव्हता.

दोन हंगाम तो तिच्या पुढे चालला होता. त्याने तिच्यासाठी पाण्याची बाटली भरून आणली होती, पायाला जळू चिकटली तेव्हा मिठाने काढली होती. आणि ती प्रत्येक वेळी कॅमेरा जरा खाली धरत आली होती, चौकटीत फक्त झाड यावं म्हणून. ती पुन्हा पहिल्यापासून बघत बसली. विन्सेंट दोनदा जेवायला बोलावून गेले. तिसऱ्यांदा आले ते तिच्या मागे उभे राहिले, थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून परत गेले.

शेवटी तिला एक व्हिडिओ सापडला, छत्तीस सेकंदांचा. बाबलीने हातात धरलेलं फूल वाऱ्यात कसं हलतं ते टिपायला काढलेला. पडद्यावर नुसतं फूल आणि मागे ओला काळा दगड. पण पाण्याच्या आवाजातून बाबली बोलत होता, अगदी जवळून. "हलता तो ऱ्हवात, टीचर. वारो पडात आता. घाई करू नकात. मी धरून ऱ्हवलंय."

तिने तो चार वेळा ऐकला. असा आवाज एखाद्या घरात धाडावा की धाडू नये, हे तिला ठरवता येईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने संजनाला फोन केला. तुळसाने तिला सगळं सांगितलेलं होतं, ते तिच्या 'हॅलो'तूनच कळलं. पूर्वीसारखं "टीचर" ती म्हणाली नाही, ऐकत राहिली. क्लॉडियाने माफी मागितली. फोटोंचं खरं काय ते सांगितलं. मग व्हिडिओबद्दल सांगितलं, त्यात तिच्या बाबांचा आवाज आहे म्हणाली.

पलीकडे वसतिगृहातला गोंधळ ऐकू येत होता, बादल्या, मुलींची हाकाहाक.

"आयेक इचारलंय तर ती ऐकूची नाय," संजना म्हणाली. "तिका धाडू नकात."

"बरा."

"माका धाडा."

क्लॉडियाने धाडला. संजनाने तो पाहिल्याची खूण लगेच आली. त्यानंतर तिचा मेसेज आला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. जूनमध्ये कोणाकडून तरी कळलं की तिने बारावीला विज्ञान ठेवलंय, पण जीवशास्त्र सोडलं.

बाबलीने काढलेलं झाड कॉलेजच्या कपाटात आहे. साहेबाच्या मित्राचं नाव वर लिहिलेलं. खाली 'गोळा करणारा' या जागी क्लॉडियाने लिहिलं, बाबली धुरी, पाणकोंड. तिथे सहसा अभ्यासकाचं नाव घालतात. क्लॉडिया त्या कड्याकडे परत गेली नाही. आता ती खाडीकाठच्या झाडांवर काम करते, वालावलकडे, सपाट चिखलात, आणि विद्यार्थ्यांना बरोबर नेलं की आधी त्यांना एका ओळीत उभं करून त्यांचे फोटो काढते. मुलं हसतात. ती म्हणते, हसा, पण इकडे बघा.